आईचा बल्ब आणि एका पेंग्विनचा हिवाळा

पोटापाण्यासाठी काय करतेस, असं कुणी विचारलं की दोन शब्दांत सांगता यावं, एवढीच आमच्या सानगडी गावाची अपेक्षा असते. बँकेत आहे. शाळेवर आहे. माझंही उत्तर दोन शब्दांतच बसतं, पण ते ऐकून समोरच्याचं तोंड उघडंच राहतं. मी सांगते, "पेंग्विनांचा हिवाळा."

सुरुवातीला मी लाजत लाजत समजावून सांगायचे. कुणाचा वेळ फुकट घेतल्यासारखा चेहरा करायचे. आता नाही करत. विचारलंस ना, मग ऐक. ऐकायचं नसेल तर रस्ता रुंद आहे.

साकोलीचा मामा मात्र काही केल्या रस्ता धरत नाही. आईचा एकुलता एक भाऊ, हायवेवर टायरचं दुकान, आणि बहिणीच्या पोरीची थट्टा करणं हा जन्मसिद्ध हक्क. दर मंडईला येतो. मंडई म्हणजे भाजीची नव्हे, जत्रा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव भरते, तेव्हा ज्या गावची मंडई त्या गावात सगळ्या पाहुण्यांनी उतरायचं असा रिवाज आहे. मामा गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडतो, "काय व भाची, आपल्या तलावात घावला का एखादा पेंग्विन? का मासेवाल्यानं नेला?"

"घावला की तुमच्या दुकानात पाठवतो, मामा. टायर बदलून द्या त्याले."

एवढ्यावर तो खूश.

तर काम असं. दक्षिणेकडे, जिथं जमीन संपते आणि नुसतं पाणी उरतं, तिथल्या एका बेटावर डोक्यावर पिवळी शेंडी असलेले पेंग्विन राहतात. राहतात म्हणजे उन्हाळ्यात. पिल्लं मोठी झाली, जुनी पिसं गळून नवी आली, की ते पाण्यात उतरतात आणि सगळा हिवाळा जमिनीला पाय लावत नाहीत. त्यांचा हिवाळा आपल्या उलटा. आमच्याकडे धानाचा रोवणा चालू असतो, बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात, तेव्हा त्यांचा हिवाळा ऐन भरात असतो. ते महिने ते नेमके कुठं जातात, हे शोधायचं.

त्यासाठी पक्ष्याच्या पायाला शेंगदाण्याएवढं एक यंत्र बांधतात. ते फक्त उजेड मोजतं. किती उजेड, किती अंधार, एवढंच साठवत राहतं. पुढच्या वर्षी पक्षी घरी परतला की यंत्र काढून घेतात, आणि त्यातली उजेडाची रेघ माझ्या लॅपटॉपवर येते. दिवस किती मोठा होता यावरून कळतं पक्षी किती दक्षिणेला होता, आणि दुपार कधी झाली यावरून कळतं पूर्वेला होता की पश्चिमेला. साकोलीत सूर्य नागपूरच्या थोडा आधी उगवतो ना, तीच गोष्ट, फक्त अख्ख्या समुद्रावर पसरलेली.

ऐकायला सोपं वाटतं. पण ढग येतात, पक्षी डुबकी मारतो, पाय पोटाखाली घेऊन तरंगतो. मग उजेडाच्या रेघेत खडे पडतात. रोजची पहाट आणि रोजची सांज डोळ्यांनी निवडून खूण करावी लागते. तांदूळ निवडावा तसं काम आहे, आणि मला ते आवडतं. सुपातले खडे मला लहानपणापासून चटकन दिसतात.

हे सगळं मी सानगडीत बसून का करते, असं लोक विचारतात. प्राणिशास्त्र शिकले, समुद्राकाठच्या एका मोठ्या संस्थेत लागले, वडील गेले तेव्हा दोन महिन्यांसाठी घरी आले आणि परत गेलेच नाही; नोकरी इथूनच, लॅपटॉपवर चालू राहिली. "बिचारी अडकली आईपायी," असं गावात म्हणतात. त्याचा मला भयंकर राग येतो. मी अडकलेली नाही. मी राहिलेली आहे. मला आमची धानाची बांधी आवडते, तलावावरून येणारा वारा आवडतो, आणि आईशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी संस्थेतल्या सरांचा फोन आला. हे माझे वरिष्ठ. माणूस वाईट नाही, पण त्यांना वाटतं की शहाणपण समुद्रकिनाऱ्यापासून जितकं आत जावं तितकं पातळ होत जातं. कारण होता एक पक्षी. बाकीच्या सगळ्या पक्ष्यांच्या वाटा मी काढून दिल्या होत्या. हा एकच राहिला होता. त्याच्या रेघेत हिवाळ्याच्या मध्यावर रात्रीचा उजेड दिसत होता. एका रात्री नव्हे, बऱ्याच रात्री. भर रात्री उजेड आला की संगणक त्यालाच पहाट समजतो, आणि पक्ष्याला उचलून भलतीकडे फेकतो. एका दिवशी पक्षी बर्फाच्या कडेला, दुसऱ्या दिवशी आफ्रिकेच्या खाली. पेंग्विन पोहतो चांगला, पण त्याच्याकडे विमान नसतं.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "तो पक्षी काढून टाक."

"यंत्र बिघडलं असतं तर दिवसाची रेघही बिघडली असती, सर. दिवस स्वच्छ आहेत."

"तू आठवडेच्या आठवडे एका पक्ष्यावर घालवतेयस. इथं असतीस तर शेजारच्या टेबलावरच्या कुणीही दहा मिनिटांत सांगितलं असतं की सोड. तिथं विचारायला कोण आहे तुला?" मग थोडं थांबून ते म्हणाले, "हे बघ, खेड्यातून हे काम होईल असं मला आता वाटत नाही. नवीन वर्षापासून इकडे ये. नाहीतर हे काम मला इथल्याच कुणाला तरी द्यावं लागेल."

मी म्हणाले, "काम चुकलं असेल तर दाखवा. गाव कशाला मध्ये आणता?"

ते हसले. "बरं. तुझ्याकडे शिकण्यासाठी दिलेलं एक जुनं यंत्र आहे ना? सानगडीच्या उजेडावरून सानगडी काढून दाखव. दिवाळीनंतरच्या बैठकीत बघू."

ते अर्धं थट्टेत बोलले होते. मी पूर्ण मनावर घेतलं.

खरं तर यात अवघड काहीच नव्हतं. यंत्र उघड्यावर ठेवायचं, काही दिवसांनी उजेडाची रेघ काढायची, आणि उत्तर सानगडी आलं पाहिजे. पण उघड्यावर ठेवायचं कुठं? कौलांवर ठेवलं तर वानरं नेणार. धानकापणीच्या दिवसांत वानरांना आमच्या आळीत घरच्यासारखी वागणूक मिळते. अंगणातल्या खांबाला बांधलं तर मांडवावरच्या वालाच्या वेलाची सावली. मग मी विचार केला, आपल्या घरात सकाळपासून सांजेपर्यंत उघड्यावर कोण असतं? आई. कापणी चालू, बांधीत भारे बांधणं चालू. तिच्या डोक्यावर आभाळाशिवाय काही नाही.

मी काळ्या दोऱ्यात ते यंत्र ओवलं आणि आईच्या मनगटावर, बांगड्यांच्या खाली बांधलं.

"हे काय व?"

"पाहायचं आहे, तू कुठं जातेस ते."

"मी कुठी जातो? वावरात जातो, अन् घरी येतो. त्याले मशीन कायले पाहिजे?"

पण तिनं बांधू दिलं. वावरातल्या बायकांनी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं म्हणे, की पोरीनं गंडा बांधला, साहेबाची दिष्ट लागू नये म्हणून. हे काही अगदीच खोटं नव्हतं.

मधे आमची मंडई आली. मामा आला, मामी आली, वडिलांच्या बाजूचे सगळे आले. बाहेर रस्त्यावर दुकानं लागली, पोरं फुगे फोडत फिरली, रात्री मंडपात नाटक होतं. आत स्वयंपाकघरात आई होती. मीही होते, पण पाहुण्यांसमोर चहा नेण्यापुरती आणि मामाला उत्तरं देण्यापुरती. मामाचं म्हणणं असं की पेंग्विन एका जोडीदाराशी जन्मभर राहतो हे त्यानं टीव्हीवर पाहिलंय, तर त्याच्याकडून मी काहीतरी शिकावं. मी म्हणाले, "मामा, तो सहा महिने तिचं तोंडही पाहत नाही, म्हणून टिकतं ते." मामी इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाहुणे गेले. मामा एक दिवस जास्त राहिला. बैठक दुसऱ्या दिवशी होती. मी आईच्या हातातलं यंत्र काढलं, लॅपटॉपला जोडलं आणि उत्तर मागितलं. मामा मागे खुर्ची ओढून बसला, एका हातात चहा, दुसऱ्या हातात चिवडा.

नकाशा उघडला. सानगडीवर काहीच नव्हतं. भंडारा जिल्ह्यावर नव्हतं, महाराष्ट्रावर नव्हतं. मी नकाशा खाली सरकवत गेले. श्रीलंका गेली. विषुववृत्त गेलं. आणखी खाली, सगळा निळा समुद्र ओलांडून, जिथं माझे पेंग्विन हिंडतात त्या थंड पाण्यात, ठिपक्यांचा एक झुबका होता. ती माझी आई होती.

मामा चिवडा चावायचा थांबला. "हे काय व? तुह्या मशीननं माह्या बहिणीले समुद्रात नेऊन बुडवलं?"

मग तो जो हसला, ते शेजाऱ्यांनी ऐकलं असणार. मला रडायला येत होतं. उद्या सरांसमोर मी काय दाखवणार होते? की सानगडीच्या उजेडावरून मी अंटार्क्टिकाचा शेजार काढला? सर म्हणाले होते तेच खरं ठरत होतं, आणि तेही माझ्याच हातानं.

मामाला अंगणात हाकललं आणि नकाशा बंद करून मूळ रेघ उघडली. उजेडाची, कच्ची. एकेक दिवस पाहू लागले.

दिवस मोठा झाला होता. आमच्याकडे दिवाळीनंतर दिवस लहान असतो. त्याच वेळी लांबलचक दिवस कुठं असतो? खाली, दक्षिणेत, जिथं तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. संगणकाचं काही चुकलं नव्हतं. त्याला जे दिसलं त्यावरून त्यानं आईला बरोबर जागी बसवलं होतं. पण एवढा मोठा दिवस आला कुठून?

रेघ आणखी मोठी केली, आणि दिसलं. खऱ्या पहाटेच्या कितीतरी आधी, भर अंधारात, उजेडाची एक पायरी होती. सरळ वर चढलेली, वर सपाट, मग सरळ खाली उतरलेली. त्यानंतर थोडा अंधार. मग हळूहळू, रांगत रांगत वर चढणारी खरी पहाट. संध्याकाळी तेच उलट. दिवस मावळला, अंधार झाला, आणि मग पुन्हा ती सपाट पायरी, बराच वेळ. मंडईच्या दिवसांत तर ती सगळ्यांत लांब.

तो स्वयंपाकघरातला बल्ब होता.

मी आईला "उघड्यावर असणारी" ठरवून मोकळी झाले होते. ती वावरात जायच्या आधी आणि वावरातून आल्यावर काय करते, ते माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं, आणि उजेडाचं शास्त्र शिकलेल्या माझ्या डोक्यात तो उजेड शिरलाच नव्हता. त्याच उजेडात शिजलेला भात मी रोज खात होते. स्वतःवर चिडायला मला तेव्हा वेळ नव्हता, कारण ती पायरी मी आधी कुठंतरी पाहिली होती.

त्या पक्ष्याची रेघ उघडली. शेजारी शेजारी ठेवली. आईची पहाट, पक्ष्याची रात्र. तीच सरळ चढण, तोच सपाट माथा, तीच सरळ उतरण. सूर्य कधी असा उगवत नाही. सूर्याला वेळ लागतो. बटण दाबून जे उगवतं ते माणसाचं असतं.

तिथं, त्या काळ्या गार समुद्रात, हिवाळ्याच्या मध्यावर कुणीतरी दिवा लावला होता. मासेमारीचं जहाज असणार, दुसरं काय असणार? आणि हा पक्षी रात्रीमागून रात्र त्या दिव्यांच्या आसपास तरंगत होता. मी रात्रीच्या पायऱ्या बाजूला ठेवल्या आणि फक्त रांगत येणाऱ्या खऱ्या पहाटा धरल्या. आफ्रिकेकडची उडी गेली. बर्फाकडची गेली. पक्ष्याची वाट सलग झाली, एका पेंग्विनला पोहता येईल अशी. आईच्या रेघेवर तेच करून पाहिलं, तर उत्तर सानगडी आलं. मी अंगणात धावत गेले आणि मामाच्या हातातला उरलेला चिवडा खाऊन टाकला.

बैठक लॅपटॉपवरच होती. सरांनी सुरुवातच केली, "काय, सापडली का सानगडी?"

"सापडली," मी म्हणाले. "आधी माझी आई तुमच्या पेंग्विनांमध्ये सापडली, मग सानगडी सापडली."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी हसल्या. मी हसू दिलं. मग दोन्ही रेघा पडद्यावर ठेवल्या आणि बोलले. "हा बल्ब आमच्या स्वयंपाकघराचा. हा दिवा जहाजाचा. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या कुणाला हे दहा मिनिटांत दिसलं असतं का, मला माहीत नाही. मला दिसलं, कारण मी इथं बसले होते. पक्षी राहील. आणि मीही इथंच राहीन. इथून काम चालत नसेल तर तसं लिहून द्या, आणि कारण म्हणून गावाचं नाव घालू नका."

मग सर म्हणाले, "दिवे पुसून टाक, वाट स्वच्छ करून पाठव. पक्षी ठेवू." आणि थोड्या वेळानं, जरा तुटकपणे, "नवीन वर्षाचं राहू दे. चालू दे आहे तसं."

संध्याकाळी आई वावरातल्या पुंजण्यावर, म्हणजे गंजीवर, धानाचे भारे रचून आली. हातपाय धुऊन माझ्याजवळ बसली. मामानं तिला सगळं तिखटमीठ लावून सांगितलंच होतं. "दाखव त मले," ती म्हणाली. "मी कुठी गेली होती ते."

मी कालचा नकाशा दाखवला. समुद्रातला ठिपक्यांचा झुबका तिनं बोटानं चाचपला. तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही. "लय दूर गेली न मी," ती म्हणाली, आणि तिला त्याचं बरं वाटलेलं दिसलं.

"थांब, तुला परत आणते." मी बल्बच्या पायऱ्या एकेक पुसू लागले. सकाळची पुसली, रात्रीची पुसली. ठिपके एकेक करून समुद्रातून उठले आणि वर येऊन आमच्या तालुक्याच्या आजूबाजूला बसले. "बघ. आलीस घरी."

आई रेघेकडे बघत होती. "हे काय पुसून राहिली तू?"

"स्वयंपाकघरातला बल्ब. तो काढला की खरा दिवस उरतो. सूर्याचा."

"खरा?" आई म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी भांडले असते. "बल्ब लावला तवा मी काय झोपली होती? सैपाक त्यातच झाला, भांडे त्यातच झाले, सारी मंडई त्यातच झाली. तू ते पुसलं, त मी कामाले कधी लागली ते कोणाले दिसन?"



माझ्याकडे उत्तर होतं. जागा काढायची असेल तर दिवा वगळावा लागतो, हे शास्त्र आहे आणि ते बरोबर आहे. पण वगळणं वेगळं आणि पुसणं वेगळं. मी पुसत होते. सरांनी मला पुसायला सांगितलं होतं, आणि मी पक्षी वाचल्याच्या आनंदात हो म्हणाले होते. त्या पक्ष्यानं अख्खा हिवाळा कुणाच्या तरी कामाच्या उजेडात काढला होता. ते पुसून मी जी वाट पाठवणार होते ती दिसायला छान झाली असती. त्या समुद्रात माणूस नाहीच, अशी.

मी आईच्या पायऱ्या परत आणल्या. मग पक्ष्याची फाइल उघडली आणि त्याच्या वाटेवर, ज्या ज्या रात्री दिवा होता तिथं तिथं पिवळा ठिपका ठेवला. आईनं रंग पसंत केला. सरांना लिहिलं: वाट सूर्यावरून काढली आहे. दिवे पुसलेले नाहीत. पुसणार नाही. शोधनिबंधात पक्षी छापला तर दिव्यांसकट छापला जाईल, नाहीतर माझं नाव त्यावरून काढा.

सकाळपर्यंत उत्तर आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल. यंत्र आईनं पुन्हा मनगटावर बांधून घेतलं होतं, स्वतःहून. कोंबडं अजून आरवलं नव्हतं. मी अंथरुणात पडून होते आणि स्वयंपाकघरात बटण वाजलं. दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी माझ्या चादरीवर आली. यंत्राच्या हिशेबी दिवस उगवला होता. मी त्याचं म्हणणं खोडलं नाही. उठले आणि आत गेले.